पाच वाजताचं रात्रीचं जेवण

२ फेब्रु., शुक्रवार

निखिलचा फोन. १७ तारखेला येतोय. एकटा नाही. "ऋचालाही आणतोय, बाबा." मी म्हटलं, आणा की. दुसरं काय म्हणणार? मीनलला जाऊन दीड वर्ष झालं. आमची मुलगी तापाने आठवड्यात गेली म्हणून जावयाने जन्मभर तसंच बसून राहावं, असा काही कायदा नाही. लग्न मेमध्ये करतायत.

आमच्या क्वार्टरवर उतरणार नाहीत. बरोबर आहे. पहिल्या सासरी दुसरीला घेऊन कसं उतरायचं? गावाबाहेर तो नवा थीम पार्क झालाय ना, पाळण्यांचा आणि पाण्याच्या घसरगुंड्यांचा, त्याच्या रिसॉर्टमध्ये दोन खोल्या घेतल्यात. ओवीला मजा येईल, म्हणाला. मीनल गेल्यापासून नात आमच्याकडेच आहे. शनिवारी रात्री सगळ्यांनी तिथेच जेवायचं. आत तीन रेस्टॉरंटं आहेत. "कुठलं ते तुम्ही ठरवा, बाबा. तिचं खाणंपिणं तुम्हालाच माहीत." पोरीच्या बापाला ते माहीत नाही, हे इतक्या सरळपणे बोलला की राग धरता येईना.

शेवटी म्हणाला, "ओळख होऊ दे आधी. मग जूनपासून पुण्याला..." पुढचं मीही विचारलं नाही.

सौ.ला सांगितलं. मेथी निवडत होती. निवडत राहिली.

४ फेब्रु., रविवार

स्कूटरवरून जाऊन पाहणी करून आलो. सौ. म्हणाली, जेवायचं तर आहे, परीक्षा काय घ्यायची? पण आमची सगळी नोकरी कारखान्याच्या इन्स्पेक्शनमध्ये गेली. माझा शिक्का नाही तर पार्ट पुढे जात नाही. नात ज्या टेबलावर बसणार ते न बघता कसं चालेल?

१) रेल्वेचा डबा. खुर्च्या बर्थसारख्या, टेबलावरून खेळण्यातली गाडी पदार्थ घेऊन येते. दर पाच मिनिटांनी शिट्टी. ओवी दचकते. रिजेक्ट.

२) लॉनवरचा ढाबा. बाजा टाकल्यात, कंदील, जमीन उंचसखल, दव पडतं. बेबी चेअर नाही. कडेला बुटकी भिंत. तिवारी म्हणून मॅनेजर आहे, त्याने हौसेने एक गोष्ट दाखवली. कावळे फार त्रास देतात म्हणून काळ्या कापडाचा खोटा कावळा बांबूला उलटा टांगलाय, पाय वर, मान खाली. "सर, जब से टाँगा है, एक नहीं फटकता." मी म्हटलं, बंदोबस्त उत्तम. तेवढा मुद्दा पास, बाकी रिजेक्ट.

३) काचेचा एसी हॉल, बुफे. बेबी चेअरचा पट्टा ओढून पाहिला, पक्का. वरण फिकं करून देतात. शांत. पास.

तिवारी हसत होता माझ्यावर. हसू दे.

५ फेब्रु.

सौ.ला अहवाल दिला. सगळं ऐकून एकच प्रश्न.

"त्या हॉलची खिडकी खुलते का?"

"एसी हॉलची खिडकी कशाला उघडेल?"

"मग तिथे नको."

कारण विचारलं तर उठून आत गेली. ग्वाल्हेरची माणसं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला त्यांचा थांग नाही.

८ फेब्रु., गुरुवार

निखिलने ऋचाचा फोटो पाठवलाय. खाली लिहिलंय, रोज दाखवत जा, हळूहळू 'आई' म्हणायची सवय होईल.

सौ. म्हणाली, मी नाही शिकवणार. मग मीच ओवीला मांडीवर घेतलं, मोबाइल धरला. कोण गं ही? "ताई." ताई नाही, आई. शब्द बाहेर आला तो माझा मलाच परका वाटला. मीनल ह्याच खुर्चीत बसून मला पाढे म्हणून दाखवायची.

ओवीने ठाम मान हलवली. "आई नाई. आई तिकले." आणि बोट स्वयंपाकघराकडे. मीनलचा फोटो तर बाहेरच्या खोलीत आहे. सव्वादोन वर्षांची पोर, दिशा कुठून कळणार, असं म्हणून सोडून दिलं.

९ फेब्रु., शुक्रवार

अर्धी रजा टाकून दुपारीच घरी. एरवी मी सकाळी तिच्या खाण्याच्या आत निघतो आणि संध्याकाळी परत येतो तोवर तिचं जेवण झालेलं असतं. रविवारी त्या वेळी मी बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे. आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

साडेपाचचा भोंगा झाला. सौ.ने वरणभात कालवला, ओवीला मागच्या खिडकीपाशी ओट्यावर बसवलं. पहिला घास ओवीच्याच हाताने बाहेर, खिडकीखालच्या भिंतीवर. "हा घास आईचा." मला हे माहीत होतं. सौ.ची आईसुद्धा रोज काकघास ठेवायची. मी मानत नाही, पण त्यात वाद घालण्यासारखंही काही नाही.

मग ओवीने गजांना धरून हाक मारली, "आई, ये!"

पेरूच्या झाडावरून कावळा उतरला. एका डोळ्याने आमच्याकडे बघितलं, घास उचलला.

"आई जेवली," ओवी म्हणाली, आणि आ वासला.

माझ्या हातातला चहाचा कप कधी ओट्यावर ठेवला ते आठवत नाही. मागच्या कित्येक दिवसांतलं एकेक आठवायला लागलं. तुलसी नगरला साडूकडे गेलो होतो तेव्हा तारेवरच्या कावळ्यांकडे बघून ही पोर हात हलवत होती. "आई, आई." मी शेजाऱ्यांना म्हटलं होतं, सगळ्यांनाच आई म्हणते हो.

ओवी झोपल्यावर भांडलो. हळू आवाजात, भिंतीपलीकडे शर्मा भाभी.

"तू तिला कावळा आई आहे म्हणून शिकवलंस?"

"मी काय झूट बोलले? हा घास आईचा, एवढंच म्हटलं. बाकी तिने जुळवलं."

"मग खोडून का नाही काढलंस?"

"आणि काय सांगू? आधी फोटोपुढेच ठेवत होते घास. फोटो खात नाही ना. ती वाट बघायची. मग स्वतःपण खायची नाही." पुढे म्हणाली, "कावळा येतो हो रोज. हाक मारली की येतो. तिला कुणीतरी येणारं पाहिजे होतं."



१० फेब्रु., शनिवार

सौ.ने आज आणखी एक सांगितलं. मीनलच्या दहाव्याला पुण्यात घाटावर कावळा पिंडाला शिवेना. हे मला आठवतं. बायका घाटावर येत नाहीत, ही आली होती. भटजी घड्याळ बघत होते, कुणीतरी म्हणालं की दर्भाचा कावळा करून उरकून टाकू. निखिल काय काय कबूल करत होता, फ्लॅटचं, मीनलच्या दागिन्यांचं. मी पाठ फिरवून उभा होतो, मला तो सगळा प्रकार सहन होत नव्हता. मग सौ. पुढे गेली, वाकून काहीतरी पुटपुटली आणि कावळा शिवला. मी म्हटलं होतं, योगायोग.

"काय म्हणाली होतीस?"

"तुझ्या लेकीला मी सांभाळीन. कुणाला देणार नाही."

म्हणजे जूनचं ऐकल्यापासून ही मेथी निवडत, भांडी घासत, कशाशी झगडत होती ते आता कळलं. दिलेला शब्द. तोही अशा कुणाला, की जिच्याकडे जाऊन परत मागता येत नाही.

११ फेब्रु., रविवार

आज मी घरचा साहेब झालो. खिडकी लावून घेतली. म्हटलं, हे आजपासून बंद. पोरीला लोक हसतील, निखिलला कळलं तर तो काय म्हणेल? ओवीला बाहेरच्या खोलीत बसवलं, काऊचा चिऊचा सगळ्यांचा घास करून झाला. तिने तोंड उघडलं नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. रडलीसुद्धा नाही, नुसती दाराशी जाऊन बसायची.

संध्याकाळी मीच खिडकी उघडली. माझ्या हाताने घास ठेवला. सौ. बघत होती. कावळा जवळच होता, तोही दिवसभर ताटकळला असणार. भिंतीवर उतरला, मान तिरकी केली. मी तिच्याकडे बघत राहिलो.

'तिच्याकडे' लिहिलं गेलं. राहू दे.

मीनल, तुझी फार आठवण येते गं. हे तुझ्या आईसमोर मला बोलता येत नाही. तिने मग कुणाकडे बघायचं?

१४ फेब्रु.

रेस्टॉरंटचा निकाल फिरवला. एसी हॉल रिजेक्ट. खिडकी उघडत नाही. लॉन पास.

पण पाहणीत एक मोठी चूक राहिली होती, ती आज संध्याकाळी मागच्या अंगणात उभं राहिल्यावर कळली. भोंग्यानंतर थोड्याच वेळात टाउनशिपवरून कावळ्यांचे थवे शाहपुऱ्याच्या तळ्याकडे निघतात. अंधार पडला की एक नाही. म्हणूनच सौ. ओवीला साडेपाचला जेवू घालते. आठ वाजता नेलं तर पोर उपाशी झोपेल.

निखिलला फोन. रात्रीचं जेवण पाच वाजता ठेवू. तो हसला. "बाबा, पाचला कोण जेवतं? तो चहाचा टाइम आहे." मी म्हटलं, तिला लवकर झोप येते. खरं सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर त्याने हसणं थांबवलं असतं, एवढं नक्की.

मग तिवारीला फोन.

"लॉन पाच बजे खुलता है सर, पर सिर्फ चाय-पकौड़ा. किचन सात से."

चालेल, बच्चीचा डबा आम्ही आणू. और तिवारीजी, वो कौवा उतरवा दीजिए.

"सर?"

"वो जो उल्टा लटका है."

"सर, आप ही ने तो तारीफ की थी! उतारेंगे तो असली वाले आ जाएँगे, प्लेट में चोंच मारेंगे."

"आने दीजिए."

मग म्हणाला, ठीक है सर, जैसा आप कहें. म्हातारा खुळा आहे अशी खात्री पटली असेल.

१७ फेब्रु., शनिवार

आम्ही चारलाच पोहोचलो. आधी बांबू बघितला. उतरवलाय. दोरी तेवढी लोंबत होती, ती मी सोडवून खिशात घातली.

निखिल बारीक झालाय. ऋचा साधी. शाळेत शिकवते, पहिलं लग्न मोडलेलं, मूल नाही. ओवीला उचलून घ्यायची घाई केली नाही, लांब बसून कापडी ससा नुसता पुढे ठेवला. मी दोष काढायच्या तयारीनेच गेलो होतो. सापडला नाही, त्याचाच राग आला.

पकोडे आले. सौ.ने डबा उघडला. ऋचा म्हणाली, "काकू, मी भरवून बघू?" सौ.ने वाटी दिली. ओवीने तोंड फिरवलं, चमच्यातला भात मुठीत घेतला आणि तुरुतुरु भिंतीपाशी गेली. ठेवला.

"आई, ये!"

निखिलचा चेहरा बघवेना. डोळे भरून आले त्याचे. त्याला वाटलं, फोटो दाखवल्याचा गुण आला. "ऋचा, जा ना, बोलावतेय तुला." ऋचा उठली, भिंतीपाशी जाऊन गुडघ्यांवर बसली. "आले गं."

ओवीने तिच्याकडे पाहिलं आणि मग तिच्या डोक्यावरून वर.

कावळा आला. मोठा, भिंतीवर, ओवीच्या हाताला लागून. ऋचा दचकली आणि पोरीला मागे ओढून ओरडली, "हुश! हुश!" दोन्ही हात उडवून. कोणीही तेच केलं असतं. मीनलनेही केलं असतं.

कावळा गेला. घास खाली पडला. ओवी रडली ती अशी, की शेजारच्या बाजेवरची माणसं उठून उभी राहिली. "आई गेली. आईला हुश केलं."

निखिल समजूत घालायला लागला, कुठे गेली, ही काय इथे आहे. तेव्हा सौ.ने सांगितलं. सगळं. फोटो, भिंत, पेरूचं झाड. आवाज चढवला नाही, माफीही मागितली नाही.

"बाबा, तुम्हाला हे माहीत होतं?" निखिलने मला विचारलं. होतं म्हटलं. "आणि म्हणून पाच वाजता?" मान हलवली. त्याने कपाळाला हात लावला आणि टेबलाकडे बघत बसला.

ऋचाने मातीतला भात वेचला, डब्यातला नवा घेतला, भिंतीवर ठेवला आणि मागे सरून उभी राहिली. आम्ही सगळेच थांबलो. वरून थवे चालले होते, तळ्याच्या बाजूला. कुणी उतरलं नाही. मग अंधार पडला, कंदील लागले, तिवारीने येऊन विचारलं, सर, खाना लगवा दूँ? कुणाला भूक नव्हती. ओवी दूध पिऊन झोपली.

१८ फेब्रु., रविवार

निखिलचा फोन सकाळी. जूनपर्यंत थांबत नाही. उद्या दुपारच्या गाडीने ओवीला घेऊन जातो. "तुमच्यावर राग नाही, बाबा. पण तिने असं वाढणं बरोबर नाही." त्याचं काही चूक नाही. वाईट एवढंच आहे की चूक नाही.

सौ.ने बॅग काढली, पलंगावर उघडून ठेवली. दिवसभर तशीच उघडी. एक झबलं आत टाकते, पुन्हा काढते. मी म्हटलं, मी भरतो. तर माझ्या अंगावर खेकसली. मग दोघंही बॅगेच्या दोन बाजूंना बसून रडलो. मीनल गेली तेव्हा एकत्र रडलो नव्हतो, पाहुणे फार होते.

१९ फेब्रु., सोमवार

सकाळी दारात रिक्षा. ऋचा एकटी. "निखिल सामान आवरतोय. काकू, तिचं खाणं अजून झालं नाही ना?"

सौ.ने आत घेतलं. मऊ भात आज लवकरच तयार होता. ओवी ओट्यावर बसलेली, शनिवारचं आठवून जरा सरकली. ऋचाने लांबूनच विचारलं, "मी ठेवू?" ओवीने विचार केला. मग आपल्या वाटीतला घास तिच्या हातावर ठेवला.

"काय म्हणायचं असतं?"

"आईचा," ओवीने शिकवलं.

"आईचा," ऋचा म्हणाली. घास भिंतीवर ठेवून हात मागे घेतला आणि अगदी न हलता उभी राहिली. श्वाससुद्धा बेताने घेत होती.

कावळा आला. पण पेरूच्या फांदीवर बसला. खाली येईना. ओवीने हाक मारली, दोनदा, तीनदा. बघत होता, उतरत नव्हता. नवी बाई दिसली म्हणून असेल. कावळे हुशार असतात, अनोळखी माणूस लगेच ओळखतात. हे मला कळतं.

सौ.लाही कळत असेल. पण ती खिडकीपाशी गेली, गजांना कपाळ टेकलं आणि बोलली, ह्या वेळी मला ऐकू येईल असं.

"मीनू, मी म्हटलं होतं कुणाला देणार नाही. आता हिला देते. ही परवा तुला हाकलत नव्हती, तुझ्या लेकीला वाचवत होती. मी बघितलं ना. जाऊ दे आता मला शब्दातून."

ऋचाने, पदर नव्हता म्हणून, तोंडावर ओढणी धरली. ओवी आजीकडे बघत होती.

कावळा फांदीवरच.

भोंगा झाला. आज पूर्ण सुटी मिळाली नव्हती, दुपारी स्टेशनवर जाण्यापुरतीच मिळालीय. सौ. मागे न बघता म्हणाली, "तुम्ही जा. आम्ही थांबतो."

डबा घेतला, मागच्या गल्लीतून स्कूटर काढली. तिथून भिंत दिसते. भिंतीवर पांढरा घास, गजांमागे तिघींचे चेहरे, वर तो. माणसं कारखान्याकडे सायकली मारत निघाली होती, दोघातिघांनी नमस्कार केला. मी स्कूटर बंद केली. आयुष्यात असलं काही मानलं नाही. मान वर केली आणि मोठ्याने म्हणालो, "शिव गं बाई. तुझ्या आईसाठी तरी शिव."

शर्मा भाभींनी खिडकीतून बघितलं. मग स्कूटर चालू केली आणि गेलो.